काठ नसलेली नदी

प्रिय आई,

कोपरीत सगळ्यांना जयभीम. इथे फोनला रेंज नाही, म्हणून पत्र. मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

सायबेरियातली ही नदी मोजायला मी हौसेने आलेले, आता तिच्याकडे बघवत नाही. जमीन इतकी सपाट की नदीला काठच नाही. चहासारखं काळपट पाणी दलदलीत पसरून कुजतं. डास नाकातोंडात जातात. खालच्या अंगाला एकच गाव, तेही बोटीने दिवसभर लांब.

पण खरी किळस परवा आली. आमचे प्रमुख मुकुल सर जनरेटरचं जळकं ऑइल नदीत ओतत होते. मी म्हटलं, "सर, गावातले लोक हेच पाणी पितात."

"अगं, चार म्हातारी माणसं राहतात तिथे. कोण विचारायला येणारे?"

"मी विचारतेय," म्हणत मी डबा हिसकावला. निम्मं ऑइल माझ्याच अंगावर सांडलं. कितीही धुतलं तरी हाताचा वास जात नाही, घास तोंडाशी नेववत नाही.

सरांनी माझं परतीचं तिकीट काढलंय. पुढच्या महिन्यात निघते. शेजारी विचारलं तर काम लवकर संपलं म्हण. बाबांना मात्र खरं काय ते सांग.

तुझीच,
स्वप्ना