मधुमालतीचा बंदोबस्त

अमडापूर, रविवार, ८ एप्रिल १९६२
सुभद्रेने आज शेवटचं सांगितलं. मधुमालतीने तिच्या लिंबोणीचा गळा धरला आहे. एक तर हे वेल काढा, नाही तर मले जळगावले पोचवून द्या. लिंबोणी तिने लग्नानंतर माहेराहून, जळगाव जामोदहून, सर्व्हिस मोटारीत मांडीवर घेऊन आणलेली. बावीस वर्षं झाली. वेल मात्र मी लावली. साहेबांच्या बंगल्यावरून फांदी मागून आणली होती. तेव्हा तिलाही आवडली होती, हे आता कबूल करत नाही.
कडूबाले बोलवा म्हणते. तो लोकांच्या बागा बघतो. मी तहसिलीत हेडक्लार्क. एका वेलीसाठी माणूस लावू? पुढच्या रविवारी स्वतः काढणार. पक्कं.

१५ एप्रिल, सकाळी ७
रज्जाक मिस्त्रीची करवत आणली. म्हणाला, वरून उलगडत खाली या भाऊसाहेब, मंग काय ते कापा. सुतार माणूस. त्याला झाडातलं काय कळतं?
बुंध्याशी दोन खोडं एकमेकांत पिळलेली. दोन्ही काटेरी. एक जाड, एक बारीक. फोफावली आहे वेल, तेव्हा जाड खोड वेलीचं. उघड आहे.

दुपारी १२
काम फत्ते. हाताला तीन फोड. पुन्हा फुटू नये म्हणून कापल्या जागी डांबर लावलं, वर पोतं गुंडाळलं. दोन महिने कोणी हात लावायचा नाही, अशी ऑर्डर काढली. वेल वाळली की आपोआप गळेल.

२४ एप्रिल
पानं पिवळी पडून गळायला लागली. सुभद्रा म्हणते, गळालेल्या पानांले लिंबाचा वास येऊन राह्यला. इतकी वर्षं चिकटून होती, वास लागणारच.

९ मे
वेलीला फुलं आली. चांगले घोस. ऑफिसात उत्तमराव म्हणाले, मरायच्या आधी झाड असं फुलतं. माझंही मत तेच होतं.

२१ मे
मंजुळेचं पत्र. लेकीचं पहिलं बाळंतपण, जुलैत माहेरी येते. तोंडाला चव नाही, आपल्या लिंबांची फार आठवण येते, असं लिहिलंय. झाडाखाली सुपारीएवढी लिंबं गळून पडलेली. सुभद्रेने विचारलं, हे काऊन हो? मी म्हटलं, उन्हाळा.

१० जून
पोतं सोडून बघावं असं मनात आलं. पण दोन महिन्यांना पाच दिवस कमी. ऑर्डर म्हणजे ऑर्डर.

१५ जून
आज सोडणार होतो. कंबरेत उसण भरल्यासारखी वाटते.

१ जुलै
मला न विचारता सुभद्रेने कडूबाला बोलावलं. तो वेल वरून उलगडायला लागला. अर्धी सुटली आणि लिंबोणी सावकाश त्याच्या खांद्यावर आली. अडीच महिने तिला वेलीनेच उभं धरलं होतं. कडूबाने पोतं सोडलं. काप सरळ आलाय, तेवढं म्हणावं लागेल.
सुभद्रा खाली बसली. खोडावरून हात फिरवत राहिली. मले वाटलं, तुमाले दिसत असन, एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. चिखलीच्या बाजारातून लिंबं आणतो म्हटलं.
कडूबाने विचारलं, साहेब, मंग आता हे वेल काढू का? मी सुभद्रेकडे पाहिलं.
राहू दे भाऊ, ती म्हणाली. अंगणात तेवढीच हिरवी राह्यली.