चार पावलं

नॉरफोक, रविवार

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि तुमच्या दुखऱ्या गुडघ्याला नमस्कार. मी ठणठणीत आहे, पण डोकं फिरलंय.

इथल्या राखीव दलदलीत गवत माजू नये म्हणून नऊ गाई सोडल्यात. आम्ही स्वयंसेवक आळीपाळीने त्यांना बघून येतो. तीन दिवस तीन जणांनी वहीत लिहिलं, "तांबडी गाय कुंपणाशी आरामात बसलीय." तीच गाय, तीच जागा! आज मी उठवायला गेले तर उठेना. मागच्या पायात तार रुतलेली, पाय सुजून भोपळा झालेला.

त्या तिघांतल्या डेस्मंडला झापलं, तर म्हणतो, "अगं, फाटकातून दुर्बिणीने नीट पाहिलं मी. निवांत होती बिचारी, उगाच कशाला त्रास द्यायचा?"

जळली मेली ती सभ्यता! जनावर उठवून चार पावलं चालवल्याशिवाय 'बरं आहे' म्हणू नये, हे तुम्ही मला सातव्या वर्षी शिकवलंत. गुरांच्या डॉक्टरने तार काढलीय. वाचेल.

आणि बाबा, तुमच्या गेल्या तीन पत्रांत एकच ओळ आहे, "खिडकीपाशी आरामात बसलोय."

शनिवारी येतेय. दार तुम्ही उठून उघडायचं.

तुमची तापलेली,
विनी