जळक्या घरातला चहा

मंगळवार, संध्याकाळ. सातारा.

सकाळी स्वयंपाकघर जळालं. वायरमन मेन स्विच बंद करून बजावून गेला, "मी तपासल्याशिवाय हात लावू नका."

दुपारी दहिवडीची आत्या भेटायला आली. काळ्या भिंतीसमोर बायकोला चिंता एकच, हिला बिनचहाची कशी पाठवायची? मी हसलो. आणि विजेची शेगडी लावायला मीच मेन स्विचकडे हात नेला. मीच!

आत्यानं मनगट धरलं. "आरं, घर जळलंय न्हवं? च्या कुणी मागितला?"

आत्ता वायरमननं दाखवलं. भिंतीतली वायर उघडी पडलीय, आग विझवताना मारलेल्या पाण्यानं भिंत अजून ओली. आणि मी स्विच लावणार होतो. चहासाठी?

स्विच लावला असता, तर उद्या आत्या परत भेटायला आली असती. तेव्हा चहाची चिंता नव्हती. मयताच्या घरी विचारत नाहीत.