स्वयंपाकघरातलं कोर्ट बंद पडल्याबद्दल

धाकटे, तुला थोरलीचे भरभरून आशीर्वाद. (अक्षर नातीचं, शब्द माझे. मध्ये काही घुसडलेलं दिसलं तर ते तिचं.) तुझे गुडघे काय म्हणतात? माझे सारखे बोलतात, पण ऐकतं कोण?

इथे सगळं ठीक आहे, म्हणजे मला सोडून. तुला ठाऊकच आहे, नात वकील झाल्यापासून उद्याची केस आज संध्याकाळी माझ्यापुढे लढायची. ओट्याजवळच्या खुर्चीत मी न्यायाधीश. ती काळा कोट घालून उभी, मी भाजी निवडत ऐकणार, आणि पटलं नाही की पळी आपटणार. "साहेब, पूर्ण ऐकून तरी घ्या," म्हणून पोर गयावया करायची. कसलं सुख होतं गं! या घरात दुसरं कोण मला साहेब म्हणतं?

आता कॉम्प्युटरात माझी सवत आलीय. (आजी, सवत नाही, निकाल शोधायची वेबसाइट. – लिही गपचूप.) दोन शब्द टाकले की जुने-नवे निकाल हजर. कुठलं कोर्ट, कुठलं साल, कुठलं कलम, सगळं चाळून देते. मेली मध्ये डुलकीसुद्धा काढत नाही! नात तिच्याकडे बघून जशी हसते, तशी माझ्याकडे फक्त खाऊच्या डब्यापायी हसायची.

मग मीही पदर खोचला. म्हटलं, विचार तिला तुझ्या आजोबांची भिंतीची केस. गावाकडच्या बंद घराच्या सामाईक भिंतीत शेजाऱ्याने खिडकी फोडली आणि यांनी ती बुजवायला लावली, तीच. तुला तर मी दर भेटीत ऐकवलीय. सवतीने चुटकीसरशी काढली. माझी मान ताठ! मला अक्षर कळत नसलं तरी रंग कळतो. पुढे लाल निशाण होतं. म्हटलं, मानाचं असणार. नात हळूच म्हणाली, "आजी, लाल म्हणजे निकाल वरच्या कोर्टात फिरला. आजोबा शेवटी हरले होते."

म्हणजे तेव्हा यांचं डोकं आठवडाभर दुखत होतं, ते हे! मी कपाळाला लेप लावत बसले होते गं. नवऱ्याने मरेपर्यंत माझ्यापासून लपवलं ते हिला ठाऊक. मग सवत नाही तर काय म्हणू? (या वेळी नातीने ‘सवत’ तसंच लिहिलं.)

त्या दिवसापासून पळी फक्त आमटीत जाते, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत घडी न केलेले कपडे बसतात.

तुझीच, थोरली

ता.क. भिंतीची केस यापुढे कोणाला सांगू नकोस. सांगितलीसच, तर अर्ध्यावर थांब.

आणखी एक ता.क. खरं काम हे. तुझा नातू वकिलीच शिकतोय ना? त्याला माझ्याकडे धाड. संध्याकाळी समोर उभा राहील, साहेब म्हणेल. आमच्या हिच्यापेक्षा तो हुशार आहे, असं माझं पहिल्यापासूनच मत होतं.

शेवटचा ता.क. वरच्या ओळीला पेन रुतून कागदाला भोक पडलंय, ते मी पाडलेलं नाही. पोरीने खुर्चीतले कपडे उचलले, सवतीने शोधलेले निकाल छापून आणले, आणि आता कोट चढवून उभ्यानेच हे लिहितेय. पळी आमटीतून बाहेर आलीय. नातवाला इतक्यात पाठवू नकोस. कोर्ट बसलंय.