पहिल्या रांगेतली जागा

मुर्टेनजवळची छावणी,
शुक्रवार, २१ जून १४७६

प्रिय वेरेनाताई,

पाद्रीबाबा हे पत्र तुला वाचून दाखवतील, तेव्हा आईला काहीतरी निमित्त काढून गोठ्यात पाठव.

आम्ही दोघंही बरे आहोत. पाऊस पाठ सोडत नाही, जोडे कुजलेत. तू दिलेलं चीज दाजींनी सगळ्या गावकऱ्यांत वाटून टाकलं, मला जेमतेम साल मिळाली. तांबडी व्यायली का? कालवड झाली असेल तर विकू नका. दाजी अगदी ठीक आहेत.

उद्या आम्ही बर्गंडीच्या फौजेवर चालून जाणार. आणि दाजी ठीक नाहीत, ताई. वर उगाच लिहिलं.

मार्चच्या लढाईत तोफा सुरू झाल्या आणि त्यांनी भाला टाकून पाठ फिरवली. मी मानगूट धरून त्यांना परत ओढलं. गोंधळात कुणाच्या लक्षात आलं नाही. आमची शपथ तुला ठाऊक आहे. रांग सोडून जो पळेल, त्याला शेजारच्यानंच मारायचं. उद्यासाठी त्यांच्या शेजारी मला उभं केलं होतं.

सकाळी भाल्याच्या दांड्याला चरबी चोळता चोळता ते म्हणाले, “योस्ट, पाय पुन्हा मागे वळले तर रे?”

“तर तुमच्या वाटणीचं मटण मी खाईन.”

ते हसले नाहीत. “हात उचलवेल तुला?”

तुझी पोरं डोळ्यांपुढे उभी राहिली.

तडक कप्तानांकडे गेलो आणि दाजींसाठी पहिल्या रांगेतली जागा मागितली. दे, हव्या तेवढ्या शिव्या दे. तिथले फार थोडे परततात, मलाही कळतं. पण तिथून पळता येत नाही गं. मागून अख्ख्या गावाचा रेटा असतो. निदान ते माझ्या हातून तरी मरणार नाहीत.

दाजींना वाटतंय, कप्तानांनी मान दिला. कुणाचं तरी चिलखत मागून आणलंय, मघापासून घासत बसलेत. मला म्हणाले, “ताईला कळव बरं का. तुमचे वडील मला भित्रा म्हणायचे.”

कळवलं.

मी बरोबर त्यांच्या मागे असेन, भाला त्यांच्या खांद्यावरून पुढे काढून. एकटाच परत आलो, तर आधी अंगणातच उभा राहीन. तू हाक मारलीस तरच आत येईन.

दुसऱ्या रांगेतून,
तुझा योस्ट