वहीतली सात नावं

सोमवार, ३
वही गेटसभेच्या मंचावरच राहिली! दोन तास आग ओकली, आणि उतरताना भान नाही. आता ती कारखान्याच्या ऑफिसात आहे. आत संप समितीच्या सातजणांची नावं. मालकाला कळली की सातही घरी बसतील.
लिपी आमची, भाषा आमची — ताईने आणि मी लहानपणी रचलेली. वाचणारे जगात दोघंच. तेवढाच धीर.

मंगळवार, ४
वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. मुलांना वाटलं, मास्तर विसरले.
आमच्या भाषेत कर्म पहिलं. ज्याच्यावर ओढवतं तो आधी, करणारा शेवटी — हा ताईचा हट्ट. आणि कर्माला दुखत असेल तर पुढे 'रू'. 'मिकारू थेप ना' — मांजराला मारतो मी. दगडाला रू नको, असं माझं मत.
"दगडाला दुखत नाही."
"तू विचारलंस त्याला?"
आठ दिवस अबोला!
वहीत सातही नावांना रू लावलाय. खाली एकच वाक्य — यांना काढतील ते.

बुधवार, ५
ताईचा फोन. दाजी त्याच ऑफिसात कारकून.
"ह्यांनी वही घरी आणली रे. अक्षर बघून हसूच आलं मला."
"त्यांच्यासमोर?"
"तिथेच चुकलं. मला वाचता येतं हे कळलं त्यांना. शुक्रवारी मालकाला वाचून द्यायचीय. नाहीतर ह्यांची खुर्ची जाईल."
"ताई, सात घरं आहेत त्यात!"
"आठवं माझं. ओरडू नकोस, सभा नाही ही."
नाही वाचणार असं म्हणाली नाही. वाचते असंही नाही.

गुरुवार, ६
सातजणांना सांगितलं. दोनच वाक्यांत — मी! रंगखात्यातली मावशी, यादीत पहिली, कोपरापर्यंत निळी. म्हणाली, "एवढंच? तुमचा चेहरा बघून वाटलं, कुणी गेलं."
मी म्हटलं, थोडे दिवस कुठेतरी निघून जा.
"आणि तुम्ही?"
माझं नाव यादीत नाही. मी शाळेतला, गेटवर पाहुणा वक्ता.

शुक्रवार, ७
सकाळी कारखान्याच्या फाटकावर मोठा कागद. 'संप आम्ही करतोय.' खाली सातही नावं, खात्यासकट, सरळ सगळ्यांना वाचता येतील अशी. ताईला आता काही वाचून द्यायला नको.
आठवी ओळ कोरी. मावशीने पेन पुढे केलं. "या, मास्तर."
पेन तिच्याच हातात राहिलं. शाळेत वेळेवर पोचलो.