बरणीची दोरी

आई, या वर्षी मी घरी व्हिनेगर केलं. पोळ्या लाटायचा कंटाळा करणारी मी द्राक्षं कुस्करत बसले, हे पाहून तू हसली असतीस. इथे बंगळुरात, मारतहळ्ळीत आमच्या इमारतीखाली गाडीवर तीच जाड सालीची, काळीनिळी, बियांची द्राक्षं येतात, जी अण्णा चिकपेटेच्या बाजारातून पिशवी भरून आणायचे. साखर घालून बरणीत भरली. आधी घट्ट झाकून ठेवायची, म्हणजे त्यांची वाइन होते. मग झाकण काढून नुसतं फडकं बांधायचं, म्हणजे हवा लागून ती आंबते आणि वर सायीसारखा पापुद्रा धरतो. हवाच लागली नाही तर व्हिनेगर होत नाही. हे वाचलं आणि फडकं हातातच राहिलं. अण्णांची बरणी तर कायम बांधलेली असायची.

अण्णा कापडाच्या दुकानात गठ्ठे बांधायचे आणि संध्याकाळी तिथूनच बारमध्ये जायचे. तू भांडून भांडून थकलीस, तेव्हा एकदा त्यांनी द्राक्षं आणली आणि म्हणाले, "घरीच करतो. घरची तयार होईपर्यंत बाहेरची शिवणार नाही." तू "बघू" म्हणालीस. ओट्याच्या कोपऱ्यात बरणी, तिच्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर त्यांची गठ्ठ्याची दोरी. काही महिन्यांनी उघडली तर नाक झोंबलं. "आंबली की गं," म्हणाले. तू बाटल्या भरल्यास. शेजारची बाई भिंतीवरून "अक्का, स्वल्प व्हिनेगर कोडी" म्हणत थोडं मागायला वाटी पुढे करायची. अण्णांनी पुन्हा द्राक्षं आणली. पुन्हा आंबली. असं किती वर्षं चाललं कोण जाणे, पण घरची काही तयार झाली नाही आणि बाहेरची त्यांनी घेतली नाही. अण्णांच्या हाताला गुण नाही, असंच आम्ही सगळे म्हणायचो. एका दुपारी मी शाळेतून लवकर आले, तर बरणीवर प्लास्टिक नाही, तुझ्या जुन्या साडीचं फडकं. मी विचारलं, तर तू ओरडलीस, "तोंड मिटून कांदा चीर." इतकं चिडण्यासारखं काय होतं ते मला कळलं नव्हतं. मी आपला कांदा चिरला.

आता अण्णा माझ्याकडेच असतात. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसतात आणि मला जमत नाही ते सगळं मोठ्याने सांगतात. त्या दिवशी मी सरळ विचारलं, "अण्णा, तुमची वाइन दर वेळी आंबायची कशी?"

"तुझी आई दुपारी दोरी सोडायची ना." हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलले. "मी यायच्या आत परत बांधायची. पण माझी गाठ गठ्ठ्याची. तिला ती कुठली यायला? पहिल्याच खेपेला कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तिने सोडणं बंद केलं असतं. मग वाइन तयार झाली असती. मला ती तयार व्हायला नको होती गं."

मला त्यांचा राग आला, खरं सांगते. इतकी वर्षं तुझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत, आणि मला विचारल्याबरोबर सांगून मोकळे. मी फडकं बांधलं आणि पोळ्यांना लागले.

पण त्यानंतर ते जेवेनासे झाले. ताटाशी बसायचे आणि भाताचे ढीग करायचे. काल विचारलं त्यांनी, "मला गाठीवरून कळलं होतं, हे तिला माहीत होतं का? नसेल, तर ती जन्मभर धास्तीतच राहिली असणार. एखाद दिवशी वाइन जमेल आणि हा परत सुरू करेल म्हणून."

मी म्हटलं, "माहीत होतं तिला. माझ्याशी बोलली होती."

"सरी, बरं," म्हणाले. मग ताक मागितलं आणि पुढ्यातला सगळा भात संपवला.

तू माझ्याशी काहीच बोलली नव्हतीस. बोललीस ते एवढंच, दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात. माझं मनगट धरून म्हणालीस, "दुपारी घरी गेलीस की बरणीची दोरी सोड. अण्णा यायच्या आत परत बांध. विसरू नकोस." मला वाटलं, औषधाची गुंगी आहे. मी "हो" म्हटलं आणि घरी जाऊन झोपले. हे अण्णांना मी सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.